रक्त चढवताना रिॲक्शन येते, तेव्हा शरीरात नेमकं काय होतं?

पिशवी लावून दहा मिनिटं झालेली असतात. पेशंट म्हणतो, "कंबर भरून आलीय, आणि सुई लावलीय तिथे आग होतेय." मग अंगावर काटा येतो, हुडहुडी भरते, दातावर दात आपटायला लागतात. शेजारी बसलेले नातेवाईक म्हणतात, "रक्त फ्रीजमधलं होतं ना, म्हणून थंडी वाजली असेल." आणि पांघरूण घालून रक्त चालूच राहतं.

इथेच घात होतो. वॉर्डात या सगळ्याला एकच शब्द आहे, रिॲक्शन. पण त्या एका शब्दाखाली निदान आठ-नऊ वेगवेगळे प्रकार मोडतात. एखादा पॅरासिटामॉलच्या गोळीवर निभावतो, दुसरा काही तासांत किडनी बंद पाडतो. आणि पहिल्या दहा मिनिटांत दोघांचं तोंड सारखंच दिसतं, म्हणजे ताप, थंडी आणि अस्वस्थपणा. म्हणून नळी आधी बंद करायची आणि कारण मागाहून शोधायचं.

कारण शोधताना दोन प्रश्न कामाला येतात. हल्ला करणारी अँटिबॉडी, म्हणजे परक्या खुणेविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन, कुणाची, रक्त घेणाऱ्याची की देणाऱ्याची? आणि ती आधीपासून तयार बसलेली होती, की जुनी ओळख पटून पुन्हा जागी झाली? बहुतेक रिॲक्शन या दोन प्रश्नांनी उलगडतात. ज्यांत अँटिबॉडीचा हातच नसतो, त्याही याच चाळणीतून बाजूला पडतात.

पेशीवरच्या खुणा आणि दोन जातीच्या अँटिबॉडी

तांबड्या पेशीच्या अंगावर बारीक बारीक रासायनिक खुणा असतात, त्यांना अँटिजेन म्हणतात. ए, बी, ओ या खुणा म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर अडकवलेल्या साखरेच्या कड्या. मुळाशी 'एच' नावाची खूण असते. तिच्यावर एक प्रकारची साखर जोडली की 'ए' होतो, दुसऱ्या प्रकारची जोडली की 'बी'. दोन्ही असतील तर 'एबी'. काहीच जोडलं नाही आणि नुसता 'एच' राहिला की 'ओ'. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात 1901 साली हे गट दाखवून दिले, त्यासाठी त्यांना 1930 चं नोबेल मिळालं.

ए-बी-ओ या गटांची एक गोष्ट बाकी बहुतेक गटांहून वेगळी आहे. आपल्याकडे जी खूण नाही तिच्याविरुद्धची अँटिबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच असते, परक्याचं रक्त कधी घेतलेलं नसलं तरी. आतड्यातल्या जंतूंच्या अंगावर अशाच साखरा असतात. बाळ तीन-सहा महिन्यांचं होईपर्यंत शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं. म्हणून 'ओ' गटाच्या माणसाच्या रक्तात 'अँटी-ए' आणि 'अँटी-बी' दोन्ही कायम पहाऱ्यावर असतात.

या अँटिबॉडी मुख्यतः आयजीएम जातीच्या. आयजीएमचा एक रेणू म्हणजे पाच तुकडे एकत्र बांधलेलं मोठं चक्र, पकडायला दहा हात. तो एकाच वेळी दोन-तीन पेशी धरून त्यांचा गुच्छ करतो. काचपट्टीवर ग्रुप तपासताना रक्ताचे दाणे दाणे होतात ते यामुळेच.

दुसरी जात आयजीजी. ती लहान, तिला दोनच हात. तांबड्या पेशी ऋण विद्युतभारामुळे एकमेकींपासून अंतर राखून असतात आणि आयजीजीचे हात बहुतेक वेळा तेवढे पोचत नाहीत. ती पेशीला चिकटते, पण गुच्छ होत नाही, त्यामुळे साध्या तपासणीत दिसतही नाही. तिला पकडायला 1945 साली कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी युक्ती काढली. माणसाच्या अँटिबॉडीलाच पकडणारी दुसरी अँटिबॉडी वरून घालायची, म्हणजे दोन पेशींमधला पूल पुरा होतो आणि दाणे दिसतात. आजही 'कूम्ब्स' या नावानं ती तपासणी रोज होते. ए-बी-ओ सोडून आरएच, केल, किड, डफी असे आणखी रक्तगट आहेत, त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी बहुतांशी आयजीजी असतात. त्या आपोआप तयार होत नाहीत. आधी रक्त घेतलेलं असावं लागतं किंवा गरोदरपण झालेलं असावं लागतं.

ग्रुप चुकला तर

सगळ्यांत भयंकर रिॲक्शन हीच. समजा 'ओ' गटाच्या पेशंटला 'ए' ची पिशवी लागली. पेशंटच्या रक्तात अँटी-ए तयारच आहे. ती 'ए' पेशींवर बसते आणि बसल्याबरोबर रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची साखळी पेटते. ही प्रथिनं एकामागून एक जोडली जात शेवटी पेशीच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. पाणी आत शिरतं आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटते.

मोकळं झालेलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात मिसळतं आणि लघवीतून बाहेर पडायला लागतं. लघवी लाल किंवा कोऱ्या चहासारखी होते. हेच मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे किडनीच्या बारीक वाहिन्या आखडतात. कॉम्प्लिमेंटचे तुटलेले तुकडे रक्तदाब पाडतात. फुटलेल्या पेशींमुळे गुठळ्या होण्याची यंत्रणा भलतीकडेच चालू होते, गोठवणारे घटक संपतात आणि मग सुईच्या छिद्रातूनही रक्त झिरपायला लागतं. हे घडायला पूर्ण पिशवी जावी लागत नाही. काही वेळा 30 ते 50 मिलिलिटर पुरेसं होतं.

ऑपरेशन टेबलवर पेशंट भुलीत असतो, त्याला कंबर दुखली तरी सांगता येत नाही. तिथे तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं. रक्तदाब कारण नसताना पडतोय का, टाके घातलेल्या जागेतून रक्त पाझरतंय का आणि लघवीच्या पिशवीत लाली उतरतेय का?

आता एवढी मोठी चूक होते कुठे? बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नाही, पेशंटच्या खाटेपाशी. एकाच वॉर्डात दोन शिंदे किंवा दोन सुनीता असतात. दोघांचे नमुने एकदम काढले जातात, ट्यूब ट्रेमध्ये बिनलेबलच्या पडतात आणि लेबलं नर्सिंग स्टेशनवर बसून चिकटवली जातात. त्यानंतर रक्तपेढीनं कितीही चोख काम केलं तरी ती भलत्याच माणसासाठी चोख पिशवी देते. कोणत्याही यंत्राला ही चूक दिसत नाही.

म्हणून लेबल खाटेपाशीच, नमुना काढल्या काढल्या लिहायचं. नाव विचारताना "तुम्ही शिंदे ना?" असं विचारायचं नाही. गुंगीतला माणूस कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा," असं विचारायचं. पिशवी लावण्याआधी दोघांनी मिळून, एकानं वाचून आणि दुसऱ्यानं ताडून, नाव, नोंदणी क्रमांक, ग्रुप, पिशवीचा क्रमांक, मुदत आणि क्रॉसमॅचचा, म्हणजे पेशंटचं आणि दात्याचं रक्त जुळतं का त्या तपासणीचा, कागद जुळवायचा. ग्रुपचा पहिला आणि दुसरा नमुना वेगळ्या वेळी, वेगळ्या हातानं काढलेला असेल तर आणखी चांगलं. दोन नमुन्यांचे ग्रुप वेगळे आले तर चूक तिथेच सापडते.

सुरुवातीची पंधरा मिनिटं रक्त हळू सोडायचं, मिनिटाला साधारण 2 मिलिलिटर. म्हणजे पंधरा मिनिटांत जेमतेम 30 मिलिलिटर जातं. नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास पिशवी लावण्याआधी एकदा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे. या पंधरा मिनिटांत कुणीतरी खाटेजवळ असायलाच हवं. मनुष्यबळ कमी असलेल्या वॉर्डात हे अवघड जातं हे खरं आहे, पण याला दुसरा पर्याय नाही. निदान शेजारच्या नातेवाइकाला काय पाहायचं ते समजावून सांगावं.

अँटिबॉडीशिवायही पेशी फुटतात

लाल लघवी दिसली म्हणजे ग्रुप चुकलाच असं नाही. पिशवी "जरा ऊब द्या" म्हणून काखेत, उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवली आणि रक्त 42 अंशांच्या वर गेलं की पेशी फुटतात. वॉर्डातल्या साध्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवली तर गोठूनही फुटतात. त्याच नळीतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, सोडलं तरी पेशी फुगून फुटतात आणि रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाइनमधल्या कॅल्शियममुळे नळीत गुठळ्या होतात. रक्ताच्या नळीत 0.9 टक्क्यांच्या नॉर्मल सलाइनशिवाय काहीही घालायचं नाही, इंजेक्शनसुद्धा नाही.

रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांवर ठेवतात. पिशवी बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात लावायची आणि चार तासांत संपवायची, नाहीतर जंतू वाढायला वाव मिळतो. नेहमीच्या वेगानं गार रक्त दिलं तर पेशंटला काही होत नाही. त्यामुळे "गार रक्तामुळे थंडी वाजली" हा समज मनातून काढून टाकलेला बरा. फार वेगानं, खूप पिशव्या द्यायच्या असतील तर गरम करायला खास यंत्र असतं.

क्रॉसमॅच म्हणजे काय पाहतात

"ग्रुप एकच आहे, मग क्रॉसमॅच कशाला?" असं पुष्कळदा विचारलं जातं. ग्रुपमध्ये फक्त ए, बी आणि आरएच-डी या खुणा कळतात. बाकी शेकडो खुणांचं काय?

आज बऱ्याच रक्तपेढ्यांत हे काम जेल कार्डावर होतं. पत्त्याएवढं प्लॅस्टिकचं कार्ड, त्यात सहा बारीक नळ्या, नळीत जेलचे सूक्ष्म मणी आणि कूम्ब्सचं द्रावण. वर दात्याच्या पातळ केलेल्या तांबड्या पेशींचे 50 मायक्रोलिटर आणि पेशंटच्या सीरमचे (रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या द्रवाचे) 25 मायक्रोलिटर घालतात. कार्ड 37 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवतात, मग दहा मिनिटं गरागरा फिरवतात. पेशंटच्या सीरममध्ये त्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी नसेल तर पेशी मण्यांच्या फटींतून सरळ खाली उतरतात आणि तळाशी लाल टिकली बसते. अँटिबॉडी असेल तर पेशींचे गुच्छ होतात, गुच्छ मण्यांत अडकतात आणि नळीच्या वरच्या टोकाला लाल रेघ उमटते. टिकली म्हणजे पिशवी चालेल, रेघ म्हणजे नाही. रेघ आणि टिकलीच्या मध्ये लाल रंग विखुरलेला दिसला तरी ती पिशवी द्यायची नाही.

क्रॉसमॅचमध्ये ठरावीक पेशंट आणि ठरावीक पिशवी एवढीच जोडी तपासली जाते. स्क्रीनिंग त्याच्या पुढचं. त्यात ज्यांच्या खुणा नेमक्या माहीत आहेत अशा तीन 'ओ' गटांच्या पेशी घेऊन पेशंटच्या सीरममध्ये कुठलीही जास्तीची अँटिबॉडी आहे का ते पाहतात. सापडली तर अकरा पेशींच्या पॅनेलवर तिचं नाव शोधतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी स्क्रीनिंग अजून नेहमीचं झालेलं नाही, नुसत्या क्रॉसमॅचवर भागवलं जातं. वारंवार रक्त लागणारे पेशंट आणि बाळंतपणं झालेल्या बायका यांच्यासाठी तरी डॉक्टरांशी बोलून ते करून घ्यावं.

क्रॉसमॅचचं महत्त्व कळायला मुंबईचंच उदाहरण पुरेसं आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट नोंदवला. त्याला जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. या माणसांच्या पेशींवर ए-बी तर नाहीतच, पण मुळातला 'एच'ही नाही. नेहमीच्या काचपट्टीवर हा गट 'ओ' सारखाच दिसतो, कारण अँटी-ए आणि अँटी-बी दोन्हींना काहीच सापडत नाही. पण त्यांच्या रक्तात 'अँटी-एच' असते, तीही 37 अंशांवर जोरात काम करणारी. 'ओ' गटाच्या पेशींवर सगळ्यांत जास्त 'एच' असतो. म्हणजे ज्याला आपण "कुणालाही चालणारं ओ" म्हणतो, तेच या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

हे पकडायचं कसं? ग्रुप दोन्ही बाजूंनी तपासायचा. पेशींवरच्या खुणा पाहायच्या आणि उलट बाजूनं पेशंटचं सीरम ए, बी आणि ओ पेशींशीही भिडवायचं. सीरम 'ओ' पेशींचे दाणे करायला लागलं की शंका यायलाच हवी. क्रॉसमॅचला एकामागून एक 'ओ' पिशव्या जुळत नसल्या तरी तेच. मुंबईच्या लोकसंख्येत हा गट साधारण दहा हजारांत एक सांगितला जातो. या माणसांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, म्हणून आपला हा गट कळला की त्यांनी नोंदीतल्या दात्यांच्या यादीत नाव घालणं आणि भावंडांचीही तपासणी करणं गरजेचं असतं.

आठवड्यानंतर उतरणारी कावीळ

हा प्रकार आपल्याकडे सर्वाधिक निसटतो, म्हणून तो नीट पाहू.

एखाद्या बाईची दोन बाळंतपणं झालीत, दहा वर्षांपूर्वी एकदा रक्त लागलं होतं. तेव्हा परक्या पेशीवरची एक खूण, समजा किड गटातली, शरीरानं पाहिली आणि तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली. काही महिन्यांत ती ओसरत गेली, इतकी की आज जेल कार्डावर टिकली तळाशी स्वच्छ बसते. क्रॉसमॅच जुळला. पिशवी दिली, काहीच झालं नाही, पेशंट घरी गेली.

पण अँटिबॉडी ओसरली तरी ती बनवायची आठवण राखणाऱ्या पेशी शरीरात जिवंत असतात. तीच खूण पुन्हा दिसली की त्या तीन-चार दिवसांत कामाला लागतात आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आयजीजी बाहेर पडते. ती नव्या पेशींवर जाऊन बसते. प्लीहेतल्या भक्षक पेशी अशा माखलेल्या तांबड्या पेशी ओढून घेतात आणि गिळतात. पेशी बहुतेक वाहिनीबाहेर मरतात, त्यामुळे लघवी लाल होईलच असं नाही. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात बारीक ताप येतो, डोळे पिवळे होतात आणि चढवलेलं हिमोग्लोबिन पुन्हा खाली येतं. एका पिशवीनं मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमनं वाढायला हवं. ते वाढून पुन्हा पहिल्या आकड्यावर आलं आणि रक्तस्राव कुठेच नाही, तर याचाच विचार करायचा.

घरच्यांना वाटतं कावीळ झाली. डॉक्टरांना कधी वाटतं आतून रक्त जातंय, आणि ते आणखी एक पिशवी लावतात. त्या पिशवीवरही तीच खूण असेल तर आगीत तेल. खरी गरज असते डायरेक्ट कूम्ब्सची, म्हणजे पेशंटच्या शरीरातल्या तांबड्या पेशींवर अँटिबॉडी बसलीय का ते पाहण्याची, आणि नव्या नमुन्यावर अँटिबॉडी शोधण्याची. किड गटाच्या अँटिबॉडी याबाबत सगळ्यांत दगाबाज, कारण त्या लवकर दिसेनाशा होतात आणि परतल्या की कॉम्प्लिमेंटही पेटवू शकतात.

म्हणून पूर्वीच्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं असेल किंवा गरोदरपण असेल तर क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही. तीन दिवसांपूर्वी स्वच्छ असलेलं सीरम आज तसं असेलच असं नाही.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, म्हणजे प्रत्येक वेळी नव्या माणसाच्या खुणा. त्यांच्यासाठी पहिली पिशवी लावण्याआधीच पेशींवरच्या खुणांची विस्तृत तपासणी करून ठेवावी. एकदा रक्त दिलं की नमुन्यात दात्यांच्या पेशी मिसळतात आणि मुलाच्या स्वतःच्या खुणा ओळखणं अवघड होतं, मग जनुकीय तपासणीकडे जावं लागतं. सुरुवातीपासून आरएच गटातल्या सी, ई आणि शिवाय केल या खुणा जुळवून रक्त दिलं तर अँटिबॉडी तयार होण्याचं प्रमाण पुष्कळ कमी राहतं.

हल्ला उलट्या बाजूनं: दात्याची अँटिबॉडी

आतापर्यंत पेशंटच्या अँटिबॉडीनं पिशवीवर हल्ला केला. उलटही होतं. दात्याच्या रक्तद्रवात पांढऱ्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी असतील, तर त्या पेशंटच्या फुप्फुसात टेकून बसलेल्या पांढऱ्या पेशींना चेतवतात. त्या पेशी तिथेच आपली रसायनं ओततात, केशवाहिन्या गळक्या होतात आणि फुप्फुसात पाणी भरतं. सहा तासांच्या आत दम लागतो, तोंडाला फेस येतो, ताप येतो, रक्तदाब बहुधा पडतो आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतात. याला ट्राली (TRALI, रक्त चढवल्यामुळे फुप्फुसाला होणारी इजा) म्हणतात.

अशा अँटिबॉडी जास्त करून अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात सापडतात. पोटातल्या बाळाच्या पांढऱ्या पेशींवर वडिलांकडून आलेल्या खुणा असतात, त्यांच्याविरुद्ध त्या तयार झालेल्या असतात. दात्या बाईला यातून काहीच त्रास नसतो. ब्रिटननं 2003 च्या सुमारास प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, मुख्यतः पुरुष दात्यांकडून घ्यायला सुरुवात केली आणि तिथली ट्राली झपाट्यानं घटली. बायकांनी रक्तदान करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या तांबड्या पेशी उत्तम असतात, फक्त प्लाझ्मा कुणाचा वापरायचा हा रक्तपेढीचा निर्णय असतो.

ट्रालीशी हमखास गल्लत होते ती टाकोची (TACO, रक्त चढवल्यामुळे हृदयावर येणारा जादा भार). त्यात अँटिबॉडी नसतेच. हृदयाला पेलवणार नाही इतकं द्रव इतक्या वेगानं दिलेलं असतं. दम तसाच लागतो, पण इथे रक्तदाब चढतो, मानेच्या शिरा फुगतात, आडवं पडवत नाही. टाकोत पेशंटला बसतं करून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध दिलं की उतार पडतो. ट्रालीत त्याचा उपयोग नाही, रक्तदाब आधीच पडलेला असेल तर नुकसानच होतं. तिथे ऑक्सिजन आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर.

टाको टाळणं हातात असतं. हिमोग्लोबिन 4 वर आलेली, 40 किलो वजनाची म्हातारी बाई घ्या. महिनोन्महिने पांडुरोग सोसून तिचं हृदय आधीच ताणलेलं आहे. तिला किलोमागे तासाला 1 मिलिलिटर, म्हणजे तासाला 40 मिलिलिटर रक्त द्यायचं. चार तासांच्या मर्यादेत 160 मिलिलिटरच जाईल, पिशवी मात्र 250 च्या आसपास असते. म्हणून रक्तपेढीला आधीच सांगून पिशवी दोन भागांत करून घ्यायची. "दोन पिशव्या आणल्याच आहेत, तर दोन्ही लावून टाका," हा आग्रह अशा पेशंटच्या मुळावर येतो.

ताप आणि अंगावर उठणाऱ्या गांधी

सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या या दोन रिॲक्शन. ताप सहसा पिशवीतल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. पेशंटच्या अँटिबॉडी त्यांच्याशी भिडतात, किंवा साठवणीत त्या पेशींतून झिरपलेली रसायनं ताप आणतात. पांढऱ्या पेशी गाळलेली पिशवी घेतली तर हे बरंच टळतं, आणि गाळणी रक्तपेढीत, साठवण्याआधी झाली तर आणखी चांगलं. पण "साधा ताप" हे निदान सगळ्यांत शेवटी करायचं, ग्रुपची चूक आणि जंतूंचा संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर. प्लेटलेटच्या पिशवीबाबत तर विशेष, कारण ती 20 ते 24 अंशांवर ठेवावी लागते आणि त्या उबेत जंतू वाढतात. ताप एकदम चढला आणि रक्तदाब कोसळला तर पिशवीतलं रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवायचं आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं.

अंगावर गांधी उठणं, खाज येणं हे दात्याच्या रक्तद्रवातल्या प्रथिनांमुळे होतं. रक्त थांबवून अँटिहिस्टामाइन हे ॲलर्जीवरचं औषध द्यायचं. गांधी विरल्या आणि दुसरं एकही लक्षण नसेल तर तीच पिशवी हळूहळू पुन्हा सुरू करता येते. अशी मुभा फक्त याच रिॲक्शनला आहे. ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, छातीत घरघर लागली तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. तिथे मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन, आणि तेही ताबडतोब. ज्यांच्या शरीरात आयजीए हे प्रथिन नसतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी असते, त्यांना पुढच्या वेळी सलाइननं धुतलेल्या पेशी द्याव्या लागतात.

प्रत्येकाला रक्ताआधी एविल (अँटिहिस्टामाइन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टिरॉइड) टोचायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिच्यानं रिॲक्शन टळतात असं दिसलेलं नाही. पूर्वी त्रास झालेल्यांनाच, ठरवून द्यावं.

घरच्यांचं रक्त चांगलं का नाही

"परक्याचं नको, भावाचंच द्या," ही भावना समजण्यासारखी आहे, पण इथे ती उलटी पडते. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला कधीकधी परक्या वाटतच नाहीत, त्यामुळे त्या मारल्या जात नाहीत. त्या आत रुजतात आणि पेशंटच्याच त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर, अस्थिमज्जेवर हल्ला चढवतात. हे क्वचित होतं, पण झालं तर दहांतले नऊहून अधिक पेशंट दगावतात. नातेवाइकाचं रक्त द्यायचंच असेल तर त्या पांढऱ्या पेशी निकामी करायला पिशवीला 25 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) इतकं रेडिएशन द्यावं लागतं. भावानं रक्तदान जरूर करावं, ते दुसऱ्या कुणाला तरी जाऊ द्यावं.

रिॲक्शन आली तर, क्रमानं

रक्ताची नळी बंद करायची, पण शिरेतली सुई काढायची नाही. नवा सेट लावून नॉर्मल सलाइन चालू ठेवायचं, कारण रक्तदाब पडल्यावर पुन्हा शीर सापडत नाही. नाव, क्रमांक आणि पिशवीचं लेबल तिथेच पुन्हा जुळवायचं. डॉक्टरांना आणि रक्तपेढीला लगेच फोन करायचा, कारण अदलाबदल झाली असेल तर याच्या नावाची पिशवी त्याच क्षणी दुसऱ्या खाटेवर लागत असण्याची शक्यता असते.

दुसऱ्या हातातून ताजे नमुने काढायचे, पहिली लघवी जपून ठेवायची आणि उरलेली पिशवी सेटसकट, टोक बंद करून रक्तपेढीत परत द्यायची. ती कचऱ्यात गेली तर पुरावाच गेला. रक्तपेढीत आधीचा नमुना आणि पिशवीचा नमुना सात दिवस जपलेले असतात. तंत्रज्ञ दोन्ही वेळच्या ट्यूब फिरवून शेजारी धरतात. आधीच्या ट्यूबमध्ये वरचा रक्तद्रव गवती पिवळा आणि नंतरच्यात गुलाबी दिसला, तर पेशी वाहिनीत फुटताहेत हे पाच मिनिटांत कळतं. मग ग्रुप पुन्हा, क्रॉसमॅच पुन्हा आणि डायरेक्ट कूम्ब्स. रिॲक्शन नोंदवायचा छापील फॉर्म असतो. भारतात डिसेंबर 2012 पासून हिमोव्हिजिलन्सचा, म्हणजे रक्त चढवण्यातल्या त्रासांवर नजर ठेवण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि या नोंदी त्यात जातात. फॉर्म भरल्यानं कुणावर ठपका येत नाही, तो भरायला सांगायला संकोच करू नये.

घरच्यांनी एक कागद करून फाइलच्या पहिल्या पानाला लावावा. त्यावर तारीख, रुग्णालय, कोणता घटक आणि किती पिशव्या, काय त्रास झाला आणि अँटिबॉडी सापडली असेल तर तिचं नाव लिहावं, बाळंतपणं आणि गर्भपातही. पुढच्या वेळी गाव वेगळं असेल, रक्तपेढी वेगळी असेल आणि अँटिबॉडी तपासणीत दिसेनाशी झालेली असेल. तेव्हा काउंटरवर नमुन्याच्या ट्यूबसोबत हा कागदही द्यावा.